साडेचारची सोबत

३.३० : स्वागत. सर्वांनी आपापले रेडिओ बंद ठेवावेत ही विनंती.

पत्रिकेतली ही ओळ चीफ ब्रेननची. शेवटच्या हाकेआधी कुणाच्या कमरेला खरखर नको.

विद्यापीठाच्या स्वतःच्या पोलीस दलातला माणूस निवृत्त होतो त्या दिवशी वायरलेसवरून त्याच्या नंबरला हाक मारली जाते. त्यानं किती वर्षं काढली ते सांगितलं जातं, तो शेवटचं उत्तर देतो, आणि नंबर बंद होतो. त्या क्षणी भलीभली माणसं नाक पुसतात. वेंडेल कँगसनं एकतीस वर्षांत अशा नऊ हाका ऐकल्या होत्या. आज दहावी, त्याच्या स्वतःच्या नंबरची. चौदा.

स्टेजवर तिसऱ्या खुर्चीत तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. अंगावर ठेवणीतला गणवेश, पायात चकचकीत, गुळगुळीत तळाचे बूट. पिस्तूल आणि किल्ल्या सकाळीच जमा झाल्या होत्या. छातीवरचा बिल्ला काढून काचेच्या चौकटीत बसवला होता आणि ती चौकट समोर टेबलावर निळ्या कापडाखाली होती. कमरेला उरला होता एक नवाकोरा रेडिओ, शेवटचं उत्तर देण्यापुरता. ऐन वेळी हात लागून वाहिनी बदलू नये म्हणून चीफनं वाहिनीच्या बटणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे मारले होते.

पहिल्या रांगेत त्याची बायको मार्लिस बसली होती. मांडीवर त्याचा जाड कोट, पर्समध्ये त्याचा फोन.

"स्टेजवर फोन वाजला ना, तर मी तुला ओळखत नाही," असं म्हणून तिनं तो काढून घेतला होता.

बाहेर डिसेंबर. सरोवरावरून वारं सुटलेलं, आणि चारलाच दिवे लागायला आलेले.

३.४० : कुलगुरूंचे मनोगत (पाच मिनिटे).

सोळा मिनिटं.

३.४५ : चीफ ब्रेनन यांचे भाषण.

हे सुरू झालं चार वाजून एक मिनिटानं.

"मंडळी, पोलिसाचं मोठेपण कशात मोजतात? त्यानं किती जणांना पकडलं त्यात. तर आमच्या या वेंडेलनं एकतीस वर्षांत किती जणांना बेड्या घातल्या असतील? अकरा!"

सभागृह हसलं. वेंडेलही हसला. आकडा खरा होता.

"अकरा! एवढे तर मी फुटबॉल सामन्याच्या एका शनिवारी आत टाकतो. पण या माणसानं नऊ हजार सायकलींवर नंबर कोरले. वाचनालयात कुणी लॅपटॉप उघडा टाकून कॉफी आणायला गेलं की हा गुपचूप तिथं पिवळं कार्ड ठेवायचा. काय लिहिलेलं असायचं त्यावर?"

मागून चारपाच आवाज एकदम आले, "हा मी चोरला असता!"

"आणि खाली सही, ऑफिसर कँगस! नव्या मुलांना हा पहिल्या दिवशी काय सांगायचा? कुलूप लागलंय असं..."

"...समजू नका, ओढून बघा!" अख्खं सभागृह म्हणालं.

टाळ्या पडल्या. वेंडेलनं मान खाली घातली. हे त्याला नको असायचं. त्याच्या मुलखात माणसाचं कौतुक त्याच्या माघारी करतात, तेही थोडक्यात. त्यानं नजर मागच्या भिंतीवर नेली. तिथं घड्याळ होतं. चार बारा.

आणि घड्याळाखाली, मागच्या रांगेत, दलातला तरुण ब्रोडी बसला होता.

ब्रोडी टाळ्या वाजवत होता.

(पत्रिकेत नसलेलं.)

वेंडेलच्या रोजनिशीत सप्टेंबरपासून रोज एकच ओळ होती. *४.३०. आर. पेल्की, रजिस्ट्रार ऑफिस ते नऊ नंबरचं पार्किंग. काही घडलं नाही.* अशा अडुसष्ट ओळी.

रोक्सॅन पेल्की रजिस्ट्रारच्या ऑफिसात खिडकीवर बसायची. ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्यानं, कर्टिसनं, तिच्या गाडीची काच लोखंडी पहारीनं फोडली, तेव्हा ती गाडीतच होती. कोर्टानं त्याला तिच्यापासून पाचशे फूट लांब राहायचा हुकूम दिला. हुकूम कागदावर असतो आणि कर्टिस ट्रकमध्ये असतो, हे वेंडेलला ठाऊक होतं. म्हणून तो रोज साडेचारला त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभा राहायचा. ऑक्टोबरात एकदा पार्किंगच्या टोकाला हिरवा ट्रक दिसला. वेंडेल नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिला. ट्रक निघून गेला. त्या दिवशीही रोजनिशीत तेच लिहिलं. काही घडलं नाही.

आज सकाळी रोक्सॅन त्याला भेटायला आली होती. हातात कागदात गुंडाळलेल्या दोन गरम पास्टी, खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांसारख्या. "मला कार्यक्रमाला येता येणार नाही हो. गुणपत्रिकांची गर्दी आहे. आज मला न्यायला कोण येतंय?"

"ब्रोडी. चांगला मुलगा आहे. बडबड्या आहे, तेवढं सांभाळून घे."

तो बेधडक बोलला होता, कारण कामवाटपाच्या बोर्डावर तसं होतं. ज्याची रजा त्याचं काम पुढच्या माणसाकडे, आणि चौदाच्या पुढे ब्रोडी. ते संगणक आपोआप करतो. ब्रोडीला त्यानं तोंडानं सांगितलं नव्हतं.

पण आज चौदा रजेवर नव्हता. आज चौदा बंद होणार होता. दहा वाजता वायरलेसवर बसणाऱ्या लोइसनं शेवटच्या हाकेची रंगीत तालीम केली होती. अगदी खऱ्यासारखी, बटण दाबून. नंतर ती दारातून डोकावून म्हणाली होती, "वेंडेल, तुझा नंबर काढला की बोर्डावरची तुझी अख्खी रांग पुसली जाते. किती स्वच्छ दिसतं माहितीये? जसा काही तू कधी नव्हतासच." दोघंही हसले होते.

अख्खी रांग. साडेचारसकट. पुढच्या माणसाकडे काहीच गेलं नव्हतं.

कुलूप त्यानं ओढून बघितलं नव्हतं.

४.०० : विद्यार्थी संघटनेतर्फे दोन शब्द.

चार सोळाला एक चष्मेवाली मुलगी माइकपाशी आली. तिच्याकडे चार पानं होती.

वेंडेलनं ब्रोडीकडे बघून दोन बोटं चालवली, पायऱ्या उतरल्यासारखी. मग मनगटावर टिचकी मारली. ब्रोडीनं दोन्ही अंगठे वर केले आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं, बघ, म्हातारा आपल्याला हात करतोय.

शेजारच्या खुर्चीत उपप्रमुख होता, डिकर नावाचा. वेंडेल त्याच्या कानाशी झुकला. "साडेचारच्या सोबतीला कोण आहे?"

"आज सगळं काउंटीचे पोलीस बघतायत. तू गप बस की जरा."

"त्यांना पेल्कीचं माहीत आहे?"

"कोण पेल्की?" डिकर हसरा चेहरा न हलवता ओठांतून बोलत होता. "वेंडेल, एक दिवस. फक्त एक दिवस कौतुक करून घे. जीव नाही जात."

चार एकोणीस.

कदाचित काहीच नसेल. अडुसष्ट दिवसांतल्या सदुसष्ट दिवशी काही नव्हतं. रोक्सॅन दार उघडेल, बाहेर बघेल, कुणी दिसलं नाही की आत थांबेल. त्यानंच तिला शिकवलं होतं. आधी काचेतून बघायचं, मग पाऊल टाकायचं. ते दार मागं लागलं की बाहेरून उघडत नाही.

बघेल ती?

त्याला गेला महिना आठवला. ती दार ढकलून बाहेर यायची तेव्हा डोकं पर्समध्ये असायचं, किल्ल्या शोधत. आणि वर न बघताच म्हणायची, "आज गारठा आहे नाही?" कारण तो असायचाच. अडुसष्ट दिवसांत तो एक मिनिटही चुकला नव्हता. तिची बघायची सवय मोडली होती ती त्यानंच.

"...आणि ही बातमी आम्ही आमच्या पेपरच्या पहिल्या पानावर छापली," माइकवरची मुलगी सांगत होती, "फोटोसकट! ऑफिसर कँगस यांचा निरोप, शुक्रवारी साडेतीनला, सर्व पोलीस दल उपस्थित राहणार. गावातल्या दुकानांतसुद्धा एकही अंक उरला नाही!"

सर्व पोलीस दल. गावातल्या दुकानांत.

चार चोवीस.

वेंडेल उठला.

कुलगुरूंसमोर कुणी असं उठत नाही. मुलगी थांबली. तो काहीच बोलला नाही. बोलायला हवं होतं हे त्याला नंतर कळलं, पण चारशे माणसांसमोर कसली खात्री नसताना ओरडणं त्याच्या जिभेत नव्हतं. स्टेजच्या बाजूच्या दारातून तो बाहेर पडला आणि पाठीमागं चीफचा आवाज आला, "जाऊ द्या मंडळी! या वयात थांबवत नाही!"

मोठा हशा.

४.१५ : मानचिन्ह प्रदान.

बर्फ. गुळगुळीत तळ.

पहिल्या दहा पावलांत तो दोनदा घसरला. पळणं शक्य नव्हतं. तो पाय न उचलता सरपटत चालला. कोट मार्लिसकडे. वारा गणवेशाच्या आत शिरला आणि उजवा गुडघा बोलू लागला.

रेडिओ चालू केला. बोलायचं बटण दाबलं. "लोइस, चौदा."

काही नाही.

"लोइस!"

ही वाहिनी समारंभाची. शेवटच्या हाकेपर्यंत तिच्यावर कुणी बसणारच नव्हतं. वाहिनी बदलायला हवी. त्यानं चिकटपट्टीला नख लावलं. एक वेढा निघाला. गारठलेल्या बोटांना दुसऱ्याचं टोक सापडेना. दात लावला. नाही. ब्रेनन, तुझ्या पट्टीला आग लागो.

वाचनालय गेलं. रसायनशास्त्राची इमारत गेली. मधल्या निळ्या दिव्याच्या खांबावर मदतीचा फोन होता. सतरा वर्षांपूर्वी भांडून त्यानंच बसवून घेतला होता. तिथं थांबायचं तर सांगण्यात एक मिनिट जाणार, आणि काउंटीचा माणूस विचारणार, कोण पेल्की.

थांबला नाही. जाता जाता तळहातानं लाल बटणावर थाप मारली. वरचा दिवा फिरायला लागला.

४.३० : शेवटची हाक.

पायऱ्या रिकाम्या होत्या. दार बंद होतं. पायऱ्यांवरच्या ताज्या बर्फात पावलं होती, एकाच माणसाची, उतरणारी.

पार्किंगमध्ये आठदहा गाड्या. रोक्सॅनची पांढरी गाडी टोकाला, आणि तिच्या मागं आडवा, दिवे बंद, इंजिन चालू असलेला हिरवा ट्रक. रोक्सॅन आपल्या गाडीच्या दाराला पाठ लावून उभी होती. किल्ल्या खाली बर्फात पडल्या होत्या. कर्टिस तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याचा एक हात तिच्या डोक्याशेजारी गाडीच्या टपावर, दुसरा जाकिटाच्या खिशात.

"...फक्त गाडीत बस म्हणतोय. बोलायचंय. बस."

"कर्टिस," वेंडेल म्हणाला.

कर्टिसनं मान वळवली. वरपासून खालपर्यंत बघितलं. पिस्तुलाची रिकामी जागा बघितली. छातीवर बिल्ल्याची दोन भोकं बघितली.

"अरे, आजोबा! तुम्हाला तर आज निरोप ना? पेपरात वाचलं की."

"हो. चाललाय."

"मग जा, केक खा. तुम्ही आता कोणी नाही."

"खरंय." वेंडेल चालत राहिला. पाय न उचलता, सावकाश. घसरून पडायचं नाही, एवढाच विचार त्यानं डोक्यात ठेवला. "रोक्सॅन, आज गारठा आहे नाही?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, नीट, डोळे भरून, आणि एक पाऊल बाजूला सरकली. वेंडेलनं त्या मोकळ्या जागेत स्वतःला घातलं. आता कर्टिसच्या तोंडाचा वास येत होता. बिअर आणि पुदिन्याची गोळी.

"बाजूला हो, म्हाताऱ्या."

"खिशात काय आहे?"

"बघायचंय?"

"नाही. तिथंच राहू दे. हातही तिथंच राहू दे."

खिशातला हात हलला. वेंडेलचे दोन्ही हात रिकामे होते.

तेवढ्यात त्याच्या कमरेवरून खणखणीत आवाज आला.

"चौदा. चौदा. वायरलेसवरून चौदाला."

लोइस. तालमीतलाच आवाज; आज ती सभागृहातच, कर्ण्याला जोडलेल्या सेटवर बसली होती. तिकडे सभागृहात चीफनं वाट बघून बघून सांगितलं होतं म्हणे, "हाक द्या, रेडिओ आहे त्याच्याकडे, संडासातूनसुद्धा उत्तर देईल!" आणि लोक पुन्हा हसले होते. हे मार्लिसनं नंतर सांगितलं.

"चौदा, एकतीस वर्षं तू या आवारावर लक्ष ठेवलंस. हजारो मुलं सुखरूप घरी गेली, आणि त्यांना कळलंही नाही की..."

कर्टिस रेडिओकडे बघत होता. लोइस वाचत होती. दोन पुरुष आणि एक बाई बर्फात उभं राहून एका माणसाचं कौतुक ऐकत होते.

"...चौदा, तुझं शेवटचं उत्तर दे."

वेंडेलनं कर्टिसच्या डोळ्यांवरची नजर काढली नाही. हात कमरेकडे नेला आणि दाबलं.

"चौदा. नऊ नंबरचं पार्किंग. कर्टिस पेल्की, कोर्टाची मनाई असलेला माणूस, खिशात काहीतरी आहे. त्याची बायको माझ्या मागं आहे. माझ्याकडे हत्यार नाही. माणसं पाठव."

त्यानं बटण सोडलं.

मग लोइसचा आवाज आला, पण आता तो तालमीतला नव्हता. "सभागृहातले सगळे. नऊ नंबर. सगळे! पळा!"

आणि तिनं बटण सोडायच्या आत मागं सभागृह ऐकू आलं. खुर्च्या. एकदम इतक्या खुर्च्या सरकल्याचा आवाज कर्टिसनं कधी ऐकला नसावा.

"ऐकलंस?" वेंडेल म्हणाला. "तेहतीस जण आहेत. रेडिओ बंद होते, आता चालू झाले. तुझ्याकडे तीन मिनिटं आहेत. ती तू मला मारण्यात घालवू शकतोस. मग एवढंसं भांडण जन्मठेपेवर जाईल. नाहीतर हात रिकामा बाहेर काढ, आणि आज जे घडलं ते मी घडलं तेवढंच लिहीन."

कर्टिसचा जबडा हलत होता. रसायनशास्त्राच्या इमारतीपाशी निळा दिवा फिरत होता. त्याच्या पलीकडून, लांबून, माणसं येत होती. ठेवणीतल्या गणवेशात, गुळगुळीत तळांच्या बुटात, एकमेकांना धरत, पडत, उठत.

कर्टिसनं हात काढला. रिकामा. आणि ट्रककडे पळाला. चाकं बर्फावर गरगर फिरली, ट्रक बाजूच्या बर्फाच्या ढिगात घुसला आणि तिथंच घरघरत राहिला. सगळ्यांत आधी पोहोचला ब्रोडी. त्यानं दार उघडून कर्टिसला खाली घेतलं. खिशात निघाला पाना, वीतभर लांबीचा, जड.

(पत्रिका इथं संपते.)

मार्लिस आली ती कोट घेऊन. तिनं तो त्याच्या अंगावर घातला आणि वरची दोन बटणं जरा जास्तच जोरात लावली.

"थांबवत नव्हतं ना तुला," ती म्हणाली.

"नव्हतं."

चीफ ब्रेनन धापा टाकत आला. त्याच्या हातात अजून काचेची चौकट होती, ठेवायची राहून गेलेली. त्यानं वेंडेलकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, आणि ती कुठं ठेवावी हे न सुचून पांढऱ्या गाडीच्या टपावर ठेवली. "बोर्डावरून कसं निसटलं हे, वेंडेल?"

"तालमीत. लोइसची चूक नाही. मी ब्रोडीला तोंडानं सांगितलं नाही. मी ओढून बघितलं नाही."

रोक्सॅन बर्फातून किल्ल्या शोधत होती. त्या दोनदा बोटांतून निसटल्या. वेंडेल गुडघा दुखत असताना खाली वाकला आणि किल्ल्या उचलून तिच्या तळहातावर ठेवल्या.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली. "दार उघडलं आणि आज गारठा आहे नाही म्हटलं. आणि हा पायऱ्यांखालून म्हणाला, हो."

"माहितीये."

"तुम्ही असताच म्हणून..."

"ते माझं चुकलं. उद्यापासून बघायचं. कुणी असलं तरी."

कमरेवर लोइस हळूच बोलली, "चौदा? ते... शेवटचं उत्तर राहिलंय. पुन्हा वाचू का?"

"थांब जरा," वेंडेल म्हणाला. "ब्रोडी! इकडे ये."

ब्रोडी आला. बाही फाटलेली, चेहरा पांढरा. "वेंडेल, मला वाटलं तू मला नुसता हात करतोयस. देवाशपथ, मला..."

"तिच्याबरोबर पायऱ्यांपाशी जा. वरच्या. आणि तिथून तिला गाडीपर्यंत आण. आत्ता. माझ्यासमोर."

"आत्ता? पण तो माणूस तर..."

"आत्ता."

तेहतीस पोलीस, एक चीफ, एक बायको आणि काचेतला एक बिल्ला बघत असताना ब्रोडी रोक्सॅनला घेऊन पायऱ्यांपर्यंत गेला. दाराशी पोहोचल्यावर त्यानं दांडा धरला आणि ओढून बघितला. बंद. मग दोघं परत निघाले. रोक्सॅननं मधे एकदा थांबून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. ब्रोडी तिच्यासाठी थांबला.

"सोमवारी किती वाजता?" वेंडेलनं विचारलं.

"साडेचारला."

"किती?"

ब्रोडीनं पायऱ्यांकडे वळून बघितलं. "चार पंचविसाला," तो म्हणाला.

रोक्सॅननं टपावरची चौकट अलगद उचलून मार्लिसच्या हातात दिली आणि गाडीत बसली. इंजिन लागलं. वेंडेल दिवे वळणापर्यंत जाताना, वळताना आणि दिसेनासे होताना बघत राहिला. मग त्यानं रेडिओ तोंडापाशी नेला. बटणावर अजून चिकटपट्टीचे तीन वेढे होते.

"लोइस, चौदा. नऊ नंबरहून ती निघाली. आता वाच."